रावपुऱ्यातली पाकीट-छपाई : छाप उत्तम, आखणी अर्धीच

बडोद्यात कंपनीच्या नावाची पाकिटं छापून घ्यायची म्हटलं की बहुतेकांची पावलं रावपुरा टॉवरकडे वळतात. टॉवर ते दांडिया बाजार या पट्ट्यात डिझाइन, छपाई, पंचिंग (डाय म्हणजे पात्यांच्या साच्याने कागद आकारात कापणं), पेस्टिंग (घडी घालून चिकटवणं) असं सगळं एकाच काउंटरवर अंगावर घेणारी दुकानं आहेत. त्यातल्याच एका दुकानातून निघालेल्या २००० पाकिटांचं हे परीक्षण. दुकानाचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही. पुढे ज्या चुका येतील त्या एका दुकानाच्या नाहीत, काउंटरवर पाकिटाची ऑर्डर घ्यायची जी रीत पडली आहे तिच्या आहेत. नाव बदललं तरी चुका त्याच निघतील.

काम असं होतं. साइझ साडेनऊ बाय सव्वाचार इंच. कागद १०० जीएसएम (चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाचा) एक्झिक्युटिव्ह बाँड. मरून आणि काळा असे दोन रंग. फ्लॅपवर, म्हणजे पाकीट बंद करायच्या झाकणावर, मरून सॉलिड (सलग भरलेला रंग), त्यात पांढरा लोगो. पुढच्या बाजूला तळाशी मरून पट्टी. निम्मी पाकिटं साधी, निम्मी खिडकीची, म्हणजे आतल्या पत्रावरचा पत्ता पारदर्शक चौकटीतून दिसणारी. गुण द्यायचे तर छपाईला पाचपैकी चार, पेस्टिंगला तीन, डिझाइनला दोन.

चार गुणांचं आधी सांगतो. मरून रंग पहिल्या पाकिटापासून शेवटच्यापर्यंत एकसारखा आहे. चार रंगांच्या मिश्रणातून काढण्याऐवजी तो वेगळी शाई कालवून एकाच प्लेटवर छापला, हा सल्ला दुकानाचाच, आणि तो शंभर टक्के बरोबर. चार रंगांतून काढलेला मरून कधी विटकरी दिसतो, कधी जांभळट. शिवाय चारऐवजी दोनच प्लेटा लागतात. शाई कालवताना नमुना म्हणून व्हिजिटिंग कार्ड मात्र देऊ नका. कार्ड आर्टपेपरवर असतं, तिथे शाई वर राहते आणि चमकते; बाँड कागद ती पितो आणि रंग एक छटा मंद दिसतो. पाकिटाच्याच कागदाच्या कपट्यावर बोटाने शाई थापून, सुकू देऊन, मग हो म्हणावं. दुकानाने हे आपणहून केलं. काळा मजकूरही सुरेख बसलाय, सात पॉइंटचा पत्ता भिंगाखाली धरला तरी कडा फुटलेल्या नाहीत.

आता डिझाइन. ऑपरेटरने कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडलं, साडेनऊ बाय सव्वाचारचा चौकोन काढला, डावीकडे वर लोगो, खाली पट्टी, पट्टीत पत्ता. पडद्यावर झकास दिसलं, गिऱ्हाइकाने ‘ओके’ लिहून पाठवलं. खरी अडचण इथूनच सुरू झाली, कारण पाकीट म्हणजे चौकोन नव्हे. एखादं तयार पाकीट वाफेवर धरून, सगळे जोड सोडवून टेबलावर पसरा. साधारण अकरा बाय दहा इंचाचा एक विचित्र आकार हाती येतो. मधोमध पुढची बाजू, तिच्या वर फ्लॅप, खाली मागची बाजू, डाव्या-उजव्या अंगाला पाऊण पाऊण इंचाच्या चिकटवायच्या कडा. छपाई होते ती या पसरलेल्या कागदावर. घडी आणि गोंद मागाहून येतात. डिझाइन याच आकारावर सुरू व्हायला हवं. इथे ते चौकोनावर झालं आणि शेवटी डायच्या रेघांवर नेऊन चढवलं गेलं.

याचा एक परिणाम मोजक्या शब्दांत सांगता येतो. पसरलेल्या कागदावर पुढची बाजू सुलटी ठेवली, तर फ्लॅप आणि मागची बाजू या दोन्हींवरचा मजकूर उलटा, म्हणजे १८० अंशांत फिरवून लावावा लागतो, तेव्हाच तो घडी घातल्यावर सुलटा वाचता येतो. ऑपरेटरने फ्लॅपवरचा लोगो सुलटा ठेवला होता. पंचिंग करणाऱ्या कारागिराच्या ते प्लेट निघायच्या आधीच लक्षात आलं आणि २००० पाकिटं रद्दीत जाण्यापासून वाचली. हे श्रेय पूर्ण त्याचं.

दुसऱ्या चुकीतून मात्र सुटका झाली नाही. फ्लॅपचं मरून सॉलिड नेमकं घडीच्या रेघेवर सुरू होतं. कागद छपाईच्या मशीनमध्ये एकदा जातो, पंचिंगच्या मशीनमध्ये दुसऱ्यांदा, आणि दोन्हीकडे तो केसभर इकडेतिकडे सरकतोच. एक-दीड मिलिमीटर फरक कुठल्याही हातकामात धरूनच चालावं. त्यामुळे इथे काही पाकिटांवर घडीच्या मागे बारीक पांढरी रेघ उरली आहे, काहींवर मरून रंग पुढच्या बाजूला डोकावतो. शंभराची गड्डी कडेने बघितली तर ही लाट स्पष्ट दिसते. उपाय फुकटचा होता. रंग एकतर घडी ओलांडून पुढच्या बाजूवर चांगला तीन मिलिमीटर उतरवायचा, म्हणजे ती मुद्दाम ठेवलेली किनार वाटते. नाहीतर घडीपासून पाच मिलिमीटर आत सुरू करायचा. रंगाची कड आणि घडीची रेघ एका जागी कधीही आणू नये.

घडीवर सॉलिड आलंच, तर कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशाही बघावी लागते. ग्रेनला समांतर घडी गुळगुळीत मोडते. आडवी मोडली की शाई तडकते आणि मरूनमध्ये पांढरे तंतू दिसू लागतात. १०० जीएसएम बाँडमध्ये ते खपून जातं, १२० च्या पुढे नाही.

पेस्टिंगचे दोन गुण याच कारणाने कापले. तळाची मरून पट्टी डाव्या-उजव्या कडेला रंग तुटू नये म्हणून बाहेर काढायची असते, पण किती? तीन मिलिमीटर. ऑपरेटरने ती चिकटवायच्या कडांवर पूर्ण पाऊण इंच नेली. याच कडा आत वळतात आणि त्यांच्या छापलेल्या अंगावर मागची बाजू चिकटते. म्हणजे तळाच्या दोन्ही कोपऱ्यांत गोंद कागदावर बसण्याऐवजी शाईच्या थरावर बसला. शाईने कागदाची भोकं बुजलेली, गोंद पिणार कोण? पाकीट बोटांत धरून किंचित पिळलं की कोपरा ‘टक्’ करून सुटतो. वरून बघितलं तर काही कळत नाही, आत जाडसर कागद भरले की कळतं. गोंद लागणार ती प्रत्येक जागा कोरी हवी, हे डिझाइन करणाऱ्याला माहीतच नसतं, कारण त्याच्या चौकोनात ती जागा नसतेच. आर्टपेपरचं किंवा लॅमिनेशन केलेलं पाकीट मागणाऱ्यांची अडचण हीच. वर त्यावर पेन चालत नाही आणि रबरी शिक्का पुसला जातो.

आता मापाकडे येऊ. बाजारात पाकीट मागायचं इंचांत आणि लेटरहेड असतं ए-फोर, मिलिमीटरांत. तीन भागांत दुमडलेलं ए-फोर पत्र २१० बाय ९९ मिलिमीटर होतं. नऊ बाय चारचं पाकीट म्हणजे २२९ बाय १०२. उंचीला फक्त तीन मिलिमीटर मोकळे, दोन-तीन कागद एकत्र मोडले की घडी फुगते आणि पत्र कोंबावं लागतं. साडेनऊ बाय सव्वाचार म्हणजे २४१ बाय १०८, पत्र आरामात जातं. पण लांबीत ३१ मिलिमीटर रिकामे राहतात. साध्या पाकिटात त्याने काही बिघडत नाही. खिडकीच्या पाकिटात बिघडतं. टेबलावर आपटलं की पत्र आत सव्वा इंच सरकतं, खिडकीतून पत्त्याची पहिली अक्षरं नाहीशी होतात, आणि उलटीकडे सरकलं तर बिल नंबर बाहेर दिसतो. या ऑर्डरमधल्या १००० खिडकीच्या पाकिटांचं हेच झालं आहे. छपाई सुंदर, खिडकी स्वच्छ, पण उपयोग अर्धा.

खिडकी हवी असेल तर डीएल माप घ्या, २२० बाय ११०. तिथे लांबीला दहा आणि उंचीला अकरा मिलिमीटर एवढंच पत्र हलतं. खिडकी नेहमीची ९० बाय ३५ ची असेल, तर लेटरहेडवर पत्त्याचा मजकूर अशा जागी बसवा की पत्र कुठल्याही बाजूला पूर्ण सरकलं तरी तो खिडकीच्या आतच राहील. लांबीला दहा मिलिमीटर खेळ असला तर पत्त्याची ओळ फार तर ऐंशीची धरायची, आणि कड घासू नये म्हणून त्याहूनही थोडी कमी. उंचीला हाच हिशेब लावला की पत्त्याला चोवीसच्या आतच जागा उरते, म्हणजे चार ओळी, पाच नाहीत. तपासायचं कसं? पाकीट चारी कडांवर एकेकदा आपटायचं. चारही वेळा पत्ता पूर्ण दिसला आणि पत्त्याशिवाय दुसरं काही दिसलं नाही, तरच पास. हे छापून आल्यावर नाही, कोऱ्या डमीवर करायचं.

डमीवरून सांगतो. दुकानाने प्रूफ मोबाइलवर पाठवलं, आणि बहुतेक सगळीकडे आता तसंच चालतं. मजकूर तपासायला ते ठीक आहे. पण पाकिटाचं खरं प्रूफ म्हणजे ठरलेल्या कागदाचं, ठरलेल्या डायच्या मापाने कापून हाताने चिकटवलेलं कोरं पाकीट. कारागिराला दहा मिनिटांचं काम. त्यात आपलं खरं पत्र खऱ्या घडीने घालून बघायचं, वजन करायचं, आणि मगच डिझाइनला बसायचं. इथे क्रम उलटा होता, डमी शेवटपर्यंत झालीच नाही.

वजनाचं कुणी विचारतच नाही. साध्या पत्राचा टपालाचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा. या मापाचं १०० जीएसएमचं पाकीट साडेसहा ग्रॅम भरतं. १०० जीएसएमच्या लेटरहेडचे दोन कागद साडेबारा ग्रॅम. बेरीज १९, म्हणजे बसलं. ‘जरा भारी वाटू दे’ म्हणून पाकीट १२० चं केलं, की तेच पत्र २० च्या वर जातं आणि दर पत्रामागे पुढच्या टप्प्याचं तिकीट लागतं. ८० जीएसएमचे तीन कागद घातले तरी १०० च्या पाकिटातसुद्धा साडेएकवीस होतात. महिन्याला पाचशे पत्रं जाणाऱ्या ऑफिसने कागदाचा गुबगुबीतपणा बोटाने नाही, काट्यावर ठरवावा. इथे १०० वर थांबायचा सल्ला दुकानाने दिला. कारण वेगळं सांगितलं, पण निर्णय बरोबर.

कागदाच्या हिशेबात फ्लॅपचा आकार फार बोलतो. २३ बाय ३६ इंचाचा ताव बारा इंची तीन पट्ट्यांत कापला की प्रत्येक पट्टीत दोन, म्हणजे तावात सहा पाकिटं बसतात. २००० ला ३३४ ताव आणि वर पाच टक्के बिघाड. पावणेदोन इंचाचा सरळ फ्लॅप असेपर्यंत हे गणित जमतं, तीन इंचापर्यंतसुद्धा ओढून जमतं. लग्नपत्रिकेसारखा टोकदार, पावणेचार इंची फ्लॅप मागितला की आकाराची उंचीच बारा इंच होते, ग्रिपरला (मशीन कागद पकडते त्या कडेला) आणि डायच्या कडेला कागद उरत नाही, आणि तावात चारच बसतात. ३३४ चे ५०० ताव. म्हणजे कागदाचा खर्च दीडपट, तोही पत्र फोडताना फाटणाऱ्या भागासाठी! हुशार कारागीर टोकं एकमेकांत अडकवून थोडं वाचवतो, पण त्यासाठी डाय तशी जोडीने बनवावी लागते. भाव मागताना कागद, प्लेट, छपाई, डाय, पंचिंग, पेस्टिंग आणि डिझाइन हे वेगवेगळं लिहून मागा, म्हणजे फ्लॅपच्या हौसेची किंमत कुठल्या ओळीत पडली ते दिसतं.

पुढच्या बाजूवर काय असावं यावरही दुकानात विचार झाला नाही. वरच्या उजव्या कोपऱ्यात क्यूआर कोड छापला आहे. नेमका तिकिटाखाली आणि शिक्क्याखाली जाणारा. आंतरराष्ट्रीय टपालाच्या रीतीप्रमाणे वरच्या कडेपासून ४० आणि उजव्या कडेपासून ७४ मिलिमीटरचा कोपरा तिकिटासाठी मोकळा सोडतात. घरगुती टपालालाही तेच माप धरलं तर भांडण नाही. पिनकोडाचे सहा चौकोन छापलेत ते चांगलं. सीआयएनचा, म्हणजे कंपनीच्या ओळखीचा, २१ अक्षरांचा नंबर मात्र पट्टीत कोंबला नसता तरी चाललं असतं. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १२ मध्ये व्यवहाराची पत्रं, बिलं, लेटरहेड, नोटिसा आणि इतर अधिकृत प्रकाशनं यांची नावं आहेत. पाकिटाचं नाव वेगळं घेतलेलं नाही. २४ ने सुरू होणारा जीएसटी नंबरही बिलावर शोभतो. पाकिटावर नाव, परत येण्याचा पत्ता पिनकोडासह, एक फोन आणि वेबसाइट, बस.

मराठी मजकुराचं दुखणं वेगळंच, आणि बडोद्यातल्या मराठी पेढ्यांना ते नेहमीचं. दुकानातले बरेच फॉन्ट जुने, नॉन-युनिकोड. मोबाइलवरून पाठवलेला मजकूर त्यात चिकटवला की चौकोन-चौकोन येतात, मग ऑपरेटर तो हाताने पुन्हा टाइप करतो. तो गुजराती सराईतपणे करतो, ‘ळ’ त्याला बरोबर येतो कारण गुजरातीत तो आहेच. पण ‘ऱ्या’ मधला आडवा र गुजरातीत नाही. म्हणून पहिल्या प्रूफमध्ये ‘रावपुऱ्याजवळ’ चं ‘रावपुर्याजवळ’ झालं होतं, र चा रफार होऊन य च्या डोक्यावर. सांगितल्यावर सुधारलं. ‘ल’ मात्र हिंदी वळणाचाच राहिला, उजवीकडे दंड असलेला. मराठी वळणाचा दोन पाकळ्यांचा ल त्या फॉन्टमध्ये नव्हताच. मराठी ओळ आपण घरूनच चांगल्या युनिकोड फॉन्टमध्ये लावून, कर्व्ह करून (अक्षरांचं चित्र-आकारात रूपांतर करून) पीडीएफ द्यावी हे उत्तम. कर्व्ह केल्यावर अक्षर सुधारता येत नाही, म्हणून आधी मोठ्याने वाचा. इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही ओळी असतील तर देवनागरी एक-दीड पॉइंट मोठी ठेवा, नाहीतर ती इंग्रजीशेजारी बसकी दिसते. सॉलिडमध्ये पांढरी अक्षरं सात पॉइंटच्या खाली नकोत, शाई पसरून त्यांची पोटं भरतात.

तयार पाकिटं आणून त्यावरच छापणं हा स्वस्त रस्ता ३०० नगांपर्यंत ठीक. स्क्रीन-प्रिंटिंगने एक रंग, डावीकडे लोगो आणि पत्ता, एवढंच करावं. तयार पाकिटाला कुठे दोन थर असतात, कुठे तीन. ऑफसेटवर सॉलिड छापलं तर आतल्या जोडाची रेघ रंगात उमटते, आणि कडेपर्यंत रंग नेता येतच नाही. ऑफिसातल्या लेझर प्रिंटरवर नंतर पत्ते छापणार असाल तर दुकानाला आधीच सांगा. त्या उष्णतेत खिडकीचं प्लास्टिक सुरकुततं आणि सोनेरी फॉइल सुटतं.

गोंद बरा आहे, पण पावसाळ्याचा विचार करून लावलेला नाही. ओलं करून चिकटवायचा डेक्स्ट्रिनचा गम हवेतली ओल ओढतो, आणि बडोद्याच्या जुलै-ऑगस्टात बंद फ्लॅपची पाकिटं कपाटातच आपोआप चिकटतात. या ऑर्डरच्या गड्ड्या फ्लॅप बंद करून, रबर लावून आल्या. फ्लॅप उघडे ठेवून पन्नास-पन्नासच्या गड्ड्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, उभ्या रचून मागाव्यात. सोलून चिकटवायच्या पट्टीचा पर्याय महाग पडतो, पण मे ते सप्टेंबरमध्ये वापरायच्या मालाला तो वसूल होतो.

नग मोजून घेतले तेव्हा साधी १०१२ आणि खिडकीची ९८१ निघाली. पाच टक्क्यांच्या आतला फरक या धंद्यात चालतो, बिल मात्र हातात आलेल्या नगांचं असावं, आणि इथे ते तसंच होतं. डायचे पैसे बिलात वेगळे लावले आहेत, तेव्हा डाय गिऱ्हाइकाची. तिच्यावर कंपनीचं नाव आणि माप मार्करने लिहून घ्या आणि ‘डाय दुकानात जमा’ असं बिलावर टिपून घ्या. पुढच्या ऑर्डरच्या वेळी पाती तीच चालतात, पात्यांलगतचं रबर तेवढं बदलायला सांगावं. ते दबलं की कागद पात्यांत अडकतो आणि फ्लॅपच्या कडा कुरतडल्यासारख्या येतात.